ट्रॅक्टर व मालमोटारी यांची ओढ : तिचें बदलतें स्वरूप व तींतील बोध

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील शेतकऱ्यांत ट्रॅक्टरच्या ओढीचा एक खेळ आहे. त्यांत धावण्यास महत्त्व नसून, वजन लादलेली घसरगाडी जो अधिक लांब ओढून नेईल तो विजयी ठरतो. या खेळाचें स्वरूप कसें पालटत गेलें हें पाहिलें असतां आपल्या दारच्या ट्रॅक्टरसंबंधींही कांहीं उपयुक्त गोष्टी ध्यानांत येतात.

या खेळाचें मूळ घोड्यांच्या ओढींत आहे. कोठाराचें दार जमिनीवर आडवें टाकून त्यास घोडे जुंपावे व ते पुढें सरकतील तसतसें एकेका माणसानें त्यावर चढावें, अशी जुनी रीत सांगतात. १९२९ सालीं मिझुरी व ओहायो या संस्थानांत घोड्यांच्या जागीं ट्रॅक्टर आले. तथापि नियम ठिकठिकाणीं निराळे असत. ही अडचण दूर करण्याकरितां १९६९ सालीं आठ संस्थानांच्या प्रतिनिधींनीं नॅशनल ट्रॅक्टर पुलर्स असोसिएशन ही संस्था स्थापिली.

वेग वाढूं लागला तसें चालत्या घसरगाडीवर माणसांनीं चढणें धोक्याचें झालें. म्हणून नव्या घसरगाडींत वजनाची पेटी आरंभीं मागील चाकांवर असते. गाडी चालूं लागतांच ती पेटी दांतेचक्रांच्या योगानें पुढें सरकते व पुढील लोखंडी तवा जमिनीशीं अधिकाधिक दाबला जातो. त्यामुळें घर्षण वाढत जाऊन अखेर ट्रॅक्टर थांबतो. ३०० फूट ओढ झाली म्हणजे ती पूर्ण समजतात.

आरंभीं जो ट्रॅक्टर शेत नांगरी तोच मैदानांत उतरे. १९७० नंतरच्या दशकांत एकाच सांगाड्यावर अनेक इंजिनें, क्वचित् विमानाचींही, बसविलीं जाऊं लागलीं. मालमोटारींचे निराळे वर्ग झाले. आणि १९७७ सालीं हा खेळ नेदरलंड्समध्यें पोहोंचला. आतां वरच्या वर्गांतील यंत्र नांगरास जुंपण्याजोगें राहिलेलें नाहीं. शेतांतील ट्रॅक्टरांकरितां मात्र अद्यापि स्वतंत्र वर्ग ठेवतात.

आपणांस घेण्यासारखा बोध दोन कलमांत सांगतां येईल.

पहिलें कलम : इंजिनाचें बळ कितीही असो, ओढ ही चाकांच्या पकडीवर अवलंबून असते. चाकें जागच्या जागीं फिरलीं तर डिझेल व टायर दोन्ही व्यर्थ झिजतात. याची परीक्षा सोपी आहे. मागील चाकाचे दहा फेरे ओझ्याविना मोजावे, नंतर नांगर लावून मोजावे. पहिलें अंतर ४५ मीटर व दुसरें ३९ मीटर भरल्यास घसर सुमारें १३ टक्के झाली. साधारणतः १० ते १५ टक्के चालते. याहून अधिक झाल्यास नांगर कमी खोल लावावा किंवा चाकांवर वजन वाढवावें.

दुसरें कलम : ओझें जितकें उंच जोडावें तितका ट्रॅक्टर पुढून उचलला जातो. म्हणूनच शर्यतींत हुकाच्या उंचीस मर्यादा असून मागें उलटूं नये म्हणून आधाराचे दांडे लावतात. घसरगाडी सुटल्यास इंजिन बंद पाडणारी दोरीही असते. आपल्या ट्रॅक्टरला यांपैकीं दांडे व दोरी नसतात. रुतलेली ट्रॉली अथवा झाडाचा बुंधा ओढतांना साखळी आंसाला किंवा वरच्या दांड्याला बांधल्यास ट्रॅक्टर चालकावर उलटतो, व उडी मारण्यास क्षणाचाही अवकाश मिळत नाहीं. यास्तव साखळी नेहमीं खालच्या हुकालाच लावावी, व घरच्या मुलांस आणि गड्यांस हें आधीं सांगून ठेवावें.