छात्रालयातील शिक्षक : साने गुरुजींचे अमळनेर पर्व

रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात केळशीसारखी किनाऱ्यावरील गावे जशी आहेत, तशीच पालगडसारखी आतली गावेही आहेत. पालगड येथे २४ डिसेंबर १८९९ रोजी पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म झाला. इंग्रजी शाळा मोजक्याच ठिकाणी असल्याने या परिसरातील मुलांना शिक्षणासाठी घर सोडावे लागे. साने यांनीही दापोलीच्या मिशन शाळेत व पुढे औंधला राहून शिक्षण घेतले. औंधला तर हाताने स्वयंपाक करून त्यांनी दिवस काढले. त्यांच्या छात्रालयीन कार्याचा विचार करताना ही पार्श्वभूमी दृष्टीआड करता येत नाही.

१९२४ साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. पुढे छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. छात्रालयप्रमुख म्हणजे हजेरी, दिवेबंदी आणि शिक्षा, ही रूढ कल्पना. गुरुजी मात्र मुलांच्या खोल्या झाडीत, त्यांचे कपडे धुऊन घड्या घालून ठेवीत, कंदिलाच्या काचा पुशीत, आजाऱ्याच्या उशाशी बसत. मुले ओशाळून आपली कामे आपण करू लागली. याला केवळ हळवेपणा म्हणणे (आणि तसे म्हणण्याची आपल्याकडे सवयच आहे) अन्यायाचे होईल. लाज वाटायला लावणारी माया हीदेखील शिस्तच होय, आणि ती छडीपेक्षा कितीतरी अधिक कष्टाची असते. दिवसभर अध्यापन करून ते मुलांसाठी हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’ही काढीत.

१९३० साली नोकरी सोडून ते सविनय कायदेभंगाच्या चळवळीत उतरले. नाशिकच्या कारागृहात १९३३ साली लिहिलेल्या ‘श्यामची आई’मध्ये श्याम रोज रात्री आश्रमातील सोबत्यांना आठवणी सांगतो. या रचनेत छात्रालयाची सावली दिसते, असे मानण्यास जागा आहे.

गुरुजींची पद्धत नियमावलीत नव्हे, त्यांच्या एकट्याच्या श्रमात होती. हीच तिची मर्यादा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी विनियमांनी वसतिगृहप्रमुख पूर्णवेळ असावा, वसतिगृहात वा अगदी लगत राहावा आणि त्याला वर्गाबाहेर तरुणांशी संवाद साधता यावा, अशी अपेक्षा व्यक्त केली आहे. प्रत्यक्षात अनेक महाविद्यालयांत हे काम आजही अध्यापकाच्या नियमित कार्यभारावर ‘अतिरिक्त’ म्हणून सोपविले जाते, आणि आजाऱ्याच्या उशाशी घालविलेल्या रात्रीची नोंद करण्यास कार्यभाराच्या तक्त्यात रकाना नसतो.