फोर्क की शाखा?

देवनागरीतून सिंधी लिहायचं तर ॻ, ॼ, ॾ, ॿ ही चार जादा अक्षरं लागतात. मराठीला ती नकोत. पण आपला ‘ल’ आणि ‘श’ हिंदीहून वेगळ्या वळणाचा हवा. रेड हॅटने २००४ मध्ये खुल्या केलेल्या ‘लोहित’ फॉन्टकुटुंबात म्हणूनच पुढे हिंदी, मराठी, नेपाळी, सिंधी अशा वेगवेगळ्या फाइली झाल्या.

अडचण अशी, की एका फाइलीतलं जोडाक्षर दुरुस्त केलं की तीच दुरुस्ती बाकीच्यांतही करत बसायची. फोर्कचं, म्हणजे मूळ प्रकल्पाची वेगळी प्रत काढून ती स्वतंत्र चालवण्याचं, दुखणं हेच. वेगळी चूल मांडणं सोपं, पुढची धुणीभांडी दुप्पट! अखेर या फाइली एकत्र करून ‘लोहित देवनागरी’ हा एकच फॉन्ट झाला. वळणांतला फरक ओपनटाइप या फॉन्टप्रकारातल्या ‘locl’ या सोयीवर सोपवता येतो: मजकूर मराठी आहे अशी खूण असली आणि सॉफ्टवेअरने ती वाचली, की मराठी ‘ल’ उमटतो.

म्हणून फोर्क वाईट, असं मुळीच नाही. प्रकल्पाच्या मूळ भांडारात (रिपॉझिटरीत) लिहिण्याची परवानगी नसलेल्या नवख्याला तोच रस्ता: आपली प्रत घ्या, बदल करा, ‘पुल रिक्वेस्ट’, म्हणजे ते बदल मूळ भांडारात घेण्याची विनंती, पाठवा. रोज सोबत काम करणाऱ्या चौघांनी मात्र एकाच भांडारात शाखा (ब्रँच) काढावी. एकमेकांचं अर्धवट काम तिथे सहज दिसतं. दोन्हींत पथ्यं तीच: मूळ प्रवाहातले बदल वरचेवर ओढून घ्या आणि काम आटोपलं की शाखा मिटवा.