संगणकातली अमरवेल



ज्यांनी लसूणघास लावला आहे त्यांना अमरवेल सांगायला नको. पिवळ्या दोऱ्यासारखी ती घासावर पसरते. तिला हिरवे पान नाही, आणि एकदा घासाला बिलगली की जमिनीतले मूळही तिला लागत नाही. घासाचाच रस पिऊन ती वाढते. गंमत अशी, की बहुतेक वेळा ती आपण आपल्याच हाताने पेरलेली असते. तिचे बारीक बी घासाच्या बियाण्यात मिसळून येते आणि नुसत्या नजरेला ते ओळखू येत नाही.

घरातल्या संगणकात शिरणारा एक उपद्रव अगदी याच जातीचा आहे. त्याला ब्राउझर हायजॅकर म्हणतात. ब्राउझर म्हणजे क्रोम, एज, फायरफॉक्स यांसारखा प्रोग्राम, ज्यातून आपण इंटरनेट पाहतो. हायजॅकर त्याचा ताबा घेतो. ब्राउझर उघडला की नेहमीच्या पानाऐवजी भलतेच पान समोर येते. तुम्ही हवामान शोधायला जाता आणि शोध दुसऱ्याच कुठल्या तरी पानावरून फिरून येतो. जाहिरातींचा पाऊस पडतो. तुम्ही सेटिंग पूर्ववत करता आणि दुसऱ्या दिवशी पाहावे तर पुन्हा तेच.

शेतीच्या पानावर हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण आता सातबारा, पीक विमा, ठिबकच्या अनुदानाचा अर्ज, मुलांचा प्रवेश ही सारी कामे ज्या घरी संगणक आहे तिथे ओसरीवर बसून होतात. ज्या खिडकीतून ही कामे होतात तिच्यावरच परक्याचा हात असेल तर ती शेतीचीच अडचण झाली.

गेल्या जूनमधली गोष्ट सांगतो. आमच्या भागातले एक शेतकरी ठिबकसाठी अर्ज भरत होते. सातबाऱ्याची फाइल मोठी होती, ती चढेना. मुलाने फाइल लहान करण्याचा फुकट प्रोग्राम शोधला. पानावर ठळक हिरवे 'डाउनलोड' बटण होते, त्याने ते दाबले. खरे बटण खाली बारीक अक्षरात होते; हिरवे बटण ही जाहिरात होती. प्रोग्राम उतरला, फाइलही लहान झाली, अर्ज गेला. सगळे खूश. ब्राउझरचे पहिले पान बदलले आहे हे दिसले, पण कामात अडथळा नव्हता, म्हणून कोणी मनावर घेतले नाही.

तीन आठवड्यांनी विहिरीवरची मोटार बंद पडली. कंपनीचा ग्राहक सेवा क्रमांक त्याच संगणकावर शोधला. पहिल्या ओळीत जो नंबर दिसला त्यावर फोन लावला. समोरचा माणूस मोठा गोड बोलला. तक्रार नोंदवायला दहा रुपये भरा आणि मोबाइलवर एक ॲप घ्या, असे त्याने सांगितले. त्या ॲपमधून मोबाइलचा पडदा त्याला दिसत होता. खात्यातून साडेनऊ हजार रुपये गेले. पेरणीच्या तोंडावर साडेनऊ हजार म्हणजे काय, हे तुम्हाला सांगण्याची गरज नाही.

असे खोटे नंबर चांगल्या शोधयंत्रावरही कधी कधी सापडतात, हे खरे. पण हायजॅकरने नेलेल्या पानावर वरचा सगळा भाग जाहिरातींचाच असतो आणि ती जाहिरात कोणाची हे पाहणारा तिथे कोणी नसतो. हायजॅकर करणाऱ्याचा धंदाच तो आहे. तुमचा प्रत्येक शोध त्याच्या पानावरून गेला, तुम्ही जाहिरातीवर बोट ठेवले, की त्याला थोडे पैसे मिळतात. एका घरातून ते पैशात मोजावे लागतील, पण लाखो घरांतून मिळून मोठी रक्कम होते.

हा धंदा जुना आहे. २००३ च्या सुमारास कूलवेबसर्च नावाच्या हायजॅकरने इंटरनेट एक्स्प्लोरर वापरणाऱ्यांना हैराण केले होते. २०१७ च्या जूनमध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने फायरबॉल नावाचा असाच प्रकार उघड केला आणि जगभरात २५ कोटींहून अधिक संगणक बाधित असल्याचा अंदाज दिला. तो आकडा फार फुगलेला आहे असे मायक्रोसॉफ्टने नंतर सांगितले. आकडा काही असो, तो शिरण्याची वाट एकच होती: फुकटच्या प्रोग्रामबरोबर. नामांकित प्रोग्रामही यात मागे नव्हते. जावा बसवताना आस्क नावाची टूलबार कित्येक वर्षे सोबत येई, आणि तिच्यासमोर होकाराची खूण आधीच केलेली असे. घाईत 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत गेलेल्या माणसाने स्वतःच होकार दिलेला असे. बियाण्याच्या पिशवीवरचे लेबल न वाचता पेरणी करण्यासारखेच हे झाले.

आता माझी स्वतःची फजिती. आठ वर्षांपूर्वी माझ्या घरच्या संगणकात हाच रोग आला. मी तो तालुक्याच्या एका दुकानात नेला. दुकानदाराने पाच मिनिटे पाहिले आणि "फॉरमॅट मारावा लागेल साहेब" म्हणाला. मी मान डोलावली. संध्याकाळी संगणक चकचकीत होऊन आला, पण रिकामा. मुलीच्या लग्नाचे फोटो गेले आणि सहा हंगामांच्या पीक प्रात्यक्षिकांच्या नोंदी, प्लॉटच्या फोटोंसह गेल्या. ज्या शेतकऱ्यांच्या बांधावर मी त्या घेतल्या होत्या त्यांतले दोघे आज हयात नाहीत. चूक त्याची जेवढी, तेवढीच माझी. मी दुसरी प्रत ठेवली नव्हती आणि विचारलेही नाही. अमरवेल दिसली म्हणून कोणी सगळा घास नांगरून टाकीत नाही. जेवढा भाग बाधित तेवढा काढून जाळतो. हायजॅकरसाठी फॉरमॅटची गरज सहसा पडत नाही. म्हणून पुढची माहिती नीट वाचा, आणि संगणक चालवणाऱ्या मुला-मुलीला शेजारी बसवून वाचा.

काढायचे कसे

पहिली गोष्ट म्हणजे साफसफाई होईपर्यंत त्या संगणकावर बँकेचे काम, अर्ज, पासवर्ड टाकणे बंद ठेवा. आणि त्याच बिघडलेल्या ब्राउझरमध्ये 'व्हायरस काढण्याचा प्रोग्राम' शोधू नका. तिथे चोरच वैद्य होऊन बसलेला असतो.

लव्हाळा वरून कापला तर आठ दिवसांत पुन्हा वर येतो, कारण जमिनीतल्या गाठी शाबूत असतात. नुसते पहिले पान बदलणे म्हणजे लव्हाळा वरून कापणे. गाठ असते ती बसवलेल्या प्रोग्राममध्ये. विंडोज ११ असेल तर 'सेटिंग्ज'मध्ये 'ॲप्स' आणि त्यात 'इन्स्टॉल्ड ॲप्स' उघडा. विंडोज १० मध्ये याच जागी 'ॲप्स अँड फीचर्स' आहे. यादी तारखेप्रमाणे लावा. त्रास ज्या दिवशी सुरू झाला त्या दिवसाच्या आसपास काय काय बसले ते पाहा. फाइल बदलणारे, गाणी उतरवणारे, संगणक 'वेगवान' करणारे, कूपन देणारे, तुम्ही कधी न मागितलेले असे काही त्यात सापडेल. ते 'अनइन्स्टॉल' करा. इथे एक लबाडी असते. काढताना प्रश्न असा विचारतात, की 'ठेवा' हे बटण मोठे आणि रंगीत, 'काढा' हे फिकट. वाचून दाबा.

मात्र खुरपणीत पिकाचे रोपही उपटणारा मजूर आपल्याला नको असतो. प्रिंटरचे, आवाजाचे, मराठी टंकलेखनाचे प्रोग्राम, इंटेल किंवा मायक्रोसॉफ्टच्या नावाचे भाग यांना हात लावू नका. नाव ओळखीचे नसेल तर ते आधी कागदावर लिहा, जाणत्याला विचारा, मग काढा.

त्यानंतर ब्राउझर. क्रोममध्ये उजवीकडे वर तीन ठिपके आहेत. तिथून 'एक्स्टेंशन्स' आणि 'मॅनेज एक्स्टेंशन्स' उघडा. एक्स्टेंशन म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे अवजार. त्यातले जे तुम्ही जाणूनबुजून घेतले नाही ते 'रिमूव्ह' करा. एखाद्याचे 'रिमूव्ह' बटणच चालत नसेल आणि ब्राउझरच्या यादीत 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' असे दिसत असेल, तर समजा की हायजॅकरने ब्राउझरला कायमचा हुकूम लिहून ठेवला आहे. घरच्या संगणकाला कोणती संस्था असणार? काही अँटिव्हायरसही असा हुकूम ठेवतात, पण एक्स्टेंशन निघत नसेल तर तो हायजॅकरचाच धरावा. तो पुसणे जाणत्या माणसाचे काम आहे, तिथे धाडस करू नये.

आता एक जागा, जी जवळजवळ सगळे विसरतात. कोपऱ्यातून 'तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले' असे निरोप वर येतात ना? ते बहुधा व्हायरसचे नसतातच. कधीतरी एखाद्या पानाने 'नोटिफिकेशन दाखवू का' असे विचारले आणि घरातल्या कोणीतरी 'अलाऊ' दाबले, त्याचे ते फळ. 'सेटिंग्ज', मग 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', मग 'साइट सेटिंग्ज', मग 'नोटिफिकेशन्स' असे जा. तिथे परवानगी दिलेल्या पत्त्यांची यादी असते. ज्याची ओळख नाही तो पत्ता काढून टाका. मी पाहिलेल्या तक्रारींपैकी निम्म्याहून जास्त एवढ्यावरच मिटल्या. अशा निरोपावर बोट ठेवून आणखी काही उतरवू नका, आणि त्यात दिलेल्या नंबरवर फोन तर मुळीच करू नका.

पडद्यावरच्या ब्राउझरच्या चित्रावरही नजर टाका. त्यावर माऊसचे उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज' उघडा. 'टार्गेट' या चौकटीत प्रोग्रामच्या नावानंतर कुठल्या वेबसाइटचा पत्ता जोडलेला असेल तर तेवढा पुसा. ते जमत नसेल तर ते चित्रच काढून टाका आणि 'स्टार्ट'मधून क्रोमचे नवीन आणून ठेवा.

हे सारे झाल्यावर 'सेटिंग्ज'मध्ये 'रिसेट सेटिंग्ज' आहे ते करा. पहिले पान आणि शोधयंत्र मूळ स्थितीला येतात, एक्स्टेंशन्स बंद होतात. जपून ठेवलेले पत्ते आणि पासवर्ड जात नाहीत, भिऊ नका. वेबसाइटवर मात्र पुन्हा लॉगिन करावे लागेल. एज आणि फायरफॉक्समध्येही अशीच सोय आहे.

शेवटी तपासणी. विंडोजबरोबरच येणाऱ्या 'विंडोज सिक्युरिटी'मध्ये 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', त्यात 'स्कॅन ऑप्शन्स', आणि त्यात 'ऑफलाइन स्कॅन' आहे. उघडलेले काम आधी जतन करा, कारण संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो. साधारण पंधरा मिनिटे लागतात. तेवढा वेळ वीज जाणार नाही अशी वेळ पाहा. मालवेअरबाइट्स कंपनीचा ॲडवक्लीनर हा छोटा फुकट प्रोग्रामही याच कामासाठी आहे. तो दुसऱ्या चांगल्या संगणकावर, त्या कंपनीच्याच वेबसाइटवरून उतरवून पेन ड्राइव्हवर आणावा. केंद्र शासनाच्या सर्ट-इन या संस्थेने २०१७ साली सायबर स्वच्छता केंद्र सुरू केले, तिथेही मोफत साधने दिलेली आहेत. क्रोममध्ये पूर्वी स्वतःचे सफाईचे साधन होते, ते गूगलने मार्च २०२३ मध्ये काढून टाकले. जुन्या माहितीत त्याचा उल्लेख वाचून ते शोधत बसू नका.

साफ झाल्यावर ईमेलचा आणि बँकेचा पासवर्ड बदला. पैसे गेलेच असतील तर लाजेने गप्प बसू नका, आणि सकाळची वाट पाहू नका. १९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. जितक्या लवकर फोन, तितकी रक्कम मध्येच अडण्याची आशा जास्त. आमच्या त्या शेतकऱ्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारी फोन केला. तोवर रक्कम पुढच्या खात्यांत निघून गेली होती. रात्रभर ते कोणाशी बोलले नाहीत, आणि मुलगा जेवला नाही. मुलाला रागावू नका, असे मी त्यांना मुद्दाम सांगितले. फाइल चढेना म्हणून त्याने काम अडू दिले नव्हते, एवढाच त्याचा गुन्हा.

त्यांचा संगणक आम्ही तिघांनी एका रविवारी बसून साफ केला. चहा दोनदा झाला. फाइल लहान करणाऱ्या त्या प्रोग्रामबरोबर आणखी दोन बिनबोलावलेले पाहुणे निघाले, नोटिफिकेशनचे अकरा पत्ते निघाले. संध्याकाळी सगळे ठीक होते. बुधवारी त्यांचा फोन आला, "साहेब, ते पान परत आलं हो."

मीही चक्रावलो. शेजारच्या पडीक रानातून पाटाच्या पाण्याबरोबर तणाचे बी वाहत यावे तसा प्रकार होता. त्यांची मुलगी पुण्यात वसतिगृहावर राहते. तिच्या लॅपटॉपवर क्रोममध्ये घरचेच गूगल खाते चालू होते. क्रोममध्ये 'सिंक' चालू असेल तर एका संगणकावरचे एक्स्टेंशन त्याच खात्याच्या दुसऱ्या संगणकावर आपोआप येते. इथला हायजॅकर आधी तिकडे गेला होता, आणि आम्ही इथे उपटल्यावर तिकडून परत आला. मग दोन्हीकडचे सिंक बंद केले. मुलीने फोनवर ऐकत ऐकत आपल्या लॅपटॉपवरचे एक्स्टेंशन काढले, रिसेट केले. इकडे भावाने पुन्हा तेच केले. दोन्ही स्वच्छ झाल्यावरच सिंक चालू केले. त्याला आता चार महिने झाले. पान परत आलेले नाही, आणि मोटारीच्या कंपनीचा खरा नंबर त्यांनी बिलावरून पाहून विहिरीवरच्या पेटीच्या आत रंगाने लिहून ठेवला आहे.