बॉनेटखालचा कप्पा

२०१० च्या ऑक्टोबर महिन्यात तेव्हाच्या औरंगाबादने दीडशे मर्सिडीज गाड्या एकदम खरेदी केल्या आणि देशभरच्या वृत्तपत्रांत शहराचे नाव झळकले. दहा-वीस जणांनी वेगवेगळे जाऊन भाव करण्यापेक्षा शंभर-दीडशे जणांनी एकत्र जावे, म्हणजे सवलत पदरात पडते, हे साधे व्यापारी शहाणपण त्या सौद्यामागे होते. पुढे ‘औरंगाबाद मिशन फॉर ग्रीन मोबिलिटी’ या नावाने शहरातील उद्योजक-व्यावसायिकांनी तोच कित्ता विजेच्या मोटारींसाठी गिरवला. आज छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यांवर हिरव्या पाटीची गाडी दिसली, तर कोणी मान वळवून पाहत नाही.

शहराच्या उत्तर टोकाला असलेल्या हर्सूलला तर या गाड्यांची वर्दळ स्वाभाविकच आहे. हर्सूलचा तलाव, मध्यवर्ती कारागृह आणि हरसिद्धी मातेचे मंदिर यांच्या खुणेने ओळखले जाणारे हे जुने गाव जळगाव रस्त्यावर वसलेले आहे. फुलंब्री, सिल्लोड, अजिंठा आणि पुढे जळगाव ही सारी बाजारपेठ याच वाटेवर. शिवाय थोड्याच अंतरावर सावंगीजवळ समृद्धी महामार्गावर चढता येते, आणि राज्याच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणाने या महामार्गावर विजेच्या मोटारींना पथकर माफ केला आहे. सकाळी दुकान उघडून, दुपारी सिल्लोडला वसुली करून, संध्याकाळी घरी परतणाऱ्या व्यापाऱ्याला विजेची गाडी परवडते ती या हिशेबाने. किलोमीटरमागचा खर्च कमी, आवाज नाही, धूर नाही.

अडचण येते ती डिकीची. टियागोच्या विजेच्या आवृत्तीत डिकी २४० लिटरची आहे, नेक्सॉनमध्ये ३५० लिटरची. नमुन्यांच्या दोन पेट्या, पावतीपुस्तकांची थैली आणि एखादा कापडाचा गठ्ठा ठेवला की ती भरते. मग ज्या वस्तूवाचून गाडी पुढे जाणार नाही, ती चार्जिंगची केबल या सगळ्याच्या तळाशी जाते. फुलंब्रीच्या एखाद्या ओळखीच्या दुकानात पंधरा अँपिअरच्या प्लगवर तासभर गाडी लावायची म्हटले, तर आधी सारा माल रस्त्यावर उतरवावा लागतो. पावसाळ्यात चिखलाने माखलेली तीच केबल परत गठ्ठ्यांवर ठेवायची. सीएनजीच्या टाकीने डिकी गिळलेल्या गाड्यांतून ज्यांनी वर्षानुवर्षे धंदा केला, त्यांना हे नवे नाही. पण विजेच्या गाडीचे बॉनेट उघडून पाहिले की मनात वेगळाच विचार येतो. इंजिन नाही, धुराडे नाही, आणि समोर हातभर जागा मोकळी दिसते. रिकामी जागा दिसली की व्यापाऱ्याचा जीव तळमळतो. बाजारात अशा जागेत बसवायचे तयार प्लास्टिकचे कप्पे मिळतात. ते बसवावेत का, हा प्रश्न सध्या अनेक घरांत चर्चेला आहे.

पुढची डिकी ही कल्पना मुळात नवी नाही. जर्मनीच्या फोक्सवॅगन बीटलमध्ये इंजिन मागे आणि सामान पुढे असे. ज्या स्कोडा कंपनीच्या गाड्यांची जुळणी शेंद्र्याच्या कारखान्यात होत आली, त्या कंपनीच्या १९६४ च्या १००० एमबी या गाडीतही तीच रचना होती. आपल्याकडे टाटांच्या नॅनोचे इंजिन मागच्या बाजूला होते आणि पुढच्या झाकणाखाली जादा चाक ठेवलेले असे. इंजिन जिथे नसेल तिथे सामान, हा नियम तेव्हापासूनचा. विजेच्या मोटारीत बॅटरी तळाशी आडवी पसरलेली असते, मोटार कलिंगडाएवढी, म्हणून पुढे जागा उरते. अमेरिकेच्या टेस्लाने २०१२ च्या मॉडेल एसपासून ही पुढची डिकी रूढ केली.

मात्र सगळ्याच गाड्यांत ती जागा सारखी नसते, आणि इथेच ग्राहकाची फसगत होते. ज्या गाडीची मोटार मागच्या चाकांवर आहे, तिचा पुढचा भाग खरोखर मोकळा असतो. महिंद्राच्या एक्सईव्ही ९ई मध्ये पुढे दीडशे लिटरचा कप्पा आहे, बीई ६ मध्ये ४५ लिटरचा. ह्युंदाईच्या आयोनिक ५ मध्ये केवळ मागे मोटार असेल तर ५७ लिटर जागा मिळते. त्याच गाडीत पुढेही मोटार बसवली की ती २४ लिटरवर येते. टाटांच्या हॅरियर ईव्हीतही तेच. उलट ज्या गाड्यांची मोटार पुढे आहे, तिथे कंपनीने स्वतः रचना केली तरी फार काही साधत नाही. पंच ईव्हीमध्ये १४ लिटर, कर्व्ह ईव्हीमध्ये सुमारे ११.६ लिटर, क्रेटा इलेक्ट्रिकमध्ये २२ लिटर. चौदा लिटर म्हणजे तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यापेक्षाही कमी. केबल, हातमोजे आणि एक फडके एवढेच त्यात मावते. पण जी वस्तू डिकीच्या तळातून काढायची होती ती नेमकी हीच, म्हणून तेवढ्या जागेलाही मोल आहे.

नेक्सॉनचे उदाहरण बोलके आहे. ही गाडी जानेवारी २०२० मध्ये विजेवर आली आणि देशात सर्वाधिक ओळखीची झाली. पण पुढचा कप्पा तिला मिळाला तो २०२४ च्या ४५ किलोवॅट-तास बॅटरीच्या आवृत्तीत. त्याआधी घेतलेल्या गाड्यांच्या मालकांना शेजाऱ्याच्या नव्या गाडीत कप्पा दिसतो आणि आपल्या गाडीत नळ्या-तारा दिसतात. बाहेरून कप्पा आणून बसवण्याची इच्छा होते ती मुख्यतः याच मंडळींना. परदेशातही फोक्सवॅगनच्या आयडी.३, आयडी.४ या गाड्यांत कंपनीने पुढची डिकी दिली नाही, म्हणून तिथल्या उपसाधन-विक्रेत्यांनी तयार कप्पे काढले. म्हणजे हौस सार्वत्रिक आहे.

आता बॉनेटखाली खरोखर काय असते ते पाहू. मोटार आणि तिला वीज पुरवणारा इन्व्हर्टर, घरच्या विजेचे बॅटरीला चालणाऱ्या विजेत रूपांतर करणारा चार्जर, दिवे-हॉर्नसाठी बारा व्होल्टची लहान बॅटरी, वातानुकूलनाचा कॉम्प्रेसर, शीतक द्रवाची टाकी, ब्रेक ऑइलची बाटली, काच धुण्याच्या पाण्याची टाकी आणि फ्यूजची पेटी. या सगळ्यांमधून जाड नारिंगी तारा गेलेल्या असतात. नारिंगी रंग हा जगभर मान्य असलेला इशारा आहे: या तारांतून शेकडो व्होल्टचा दाब वाहतो. घरातल्या २३० व्होल्टचा झटका ज्याने खाल्ला आहे, त्याला यापुढे काही सांगण्याची गरज नाही. गाडी नीट असताना या तारा पूर्ण बंदिस्त असतात आणि दोष आढळला की यंत्रणा आपोआप वीज तोडते. प्रश्न येतो तो कोणी तिथे ड्रिल चालवले, तारांना बाजूला रेटून पट्टी बसवली किंवा कप्प्याची धार महिनोन्‌महिने तारेच्या आवरणावर घासत राहिली, तर.

म्हणून चांगल्या आणि वाईट कप्प्यातला पहिला फरक म्हणजे तो कशावर बसतो. चांगला कप्पा त्याच गाडीच्या त्याच आवृत्तीसाठी घडवलेला असतो आणि गाडीत आधीपासून असलेल्या बोल्टांवर बसतो. एकही नवे भोक पाडावे लागत नाही. ‘सर्व गाड्यांना चालेल’ असे ज्याच्यावर लिहिले आहे, तो कप्पा कोणत्याच गाडीला नीट चालत नाही. बसवल्यावरही ब्रेक ऑइल, शीतक आणि काच धुण्याचे पाणी यांची झाकणे सहज हाताशी आली पाहिजेत. बारा व्होल्टची बॅटरी उतरली तर विजेची गाडीही सुरू होत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्या बॅटरीपर्यंत पोहोचायला दहा स्क्रू काढावे लागत असतील, तर रात्री सिल्लोडच्या रस्त्यावर त्या कप्प्याचा उपयोग शून्य. अपघात झाल्यास मदतीला येणाऱ्यांनी वीज तोडण्यासाठी कापायची तारही अनेक गाड्यांत बॉनेटखालीच असते. ती झाकली जाता कामा नये.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे आणि ती दुकानदार सहसा सांगत नाही. बॉनेट आणि त्याखालचे कठीण भाग यांच्यात जी पोकळी दिसते, ती वाया गेलेली जागा नव्हे. पायी चालणारा माणूस गाडीखाली न येता पुष्कळदा बॉनेटवर आदळतो. त्याच्या डोक्याचा आघात सोसण्यासाठी पत्र्याने दबले पाहिजे, आणि दबण्यासाठी खाली मोकळीक हवी. भारतातही एआयएस-१०० या मानकानुसार पादचाऱ्यांच्या संरक्षणाची ही चाचणी होते. त्या पोकळीत कडक पेटी बसवून त्यात लोखंडी जॅक किंवा पितळी नमुने ठासून भरले, तर गाडी आतल्या माणसांना तितकीच सुरक्षित राहील कदाचित, पण हर्सूल टी पॉइंटवर रस्ता ओलांडणाऱ्या शाळकरी मुलाला ती राहणार नाही. कंपनीने दिलेला कप्पा या चाचणीचा विचार करून मऊ आणि उथळ ठेवलेला असतो. बाहेरच्या कप्प्याची अशी चाचणी कोणी केलेली असेलच, याची हमी मिळत नाही. कप्पा बसवायचाच असेल तर त्यात केबल, रेनकोट, कापडी पिशव्या अशा दबणाऱ्या वस्तूच ठेवाव्यात, एवढे पथ्य तरी पाळावे.

कायद्याचे काय? मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ मध्ये मालकाने केलेल्या अशा प्रत्येक बेकायदा बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. बोल्टवर बसणारी आणि पुन्हा काढता येणारी प्लास्टिकची पेटी नोंदणीतला कोणताही तपशील बदलत नाही, त्यामुळे ती या कचाट्यात येण्याचे कारण दिसत नाही. खरा धोका हमी आणि विम्याचा. बॅटरी आणि मोटार यांवर कंपन्या साधारणतः आठ वर्षांची किंवा त्याहून अधिक हमी देतात. गाडीच्या किमतीतला मोठा वाटा बॅटरीचाच असल्याने ती हमी म्हणजे घरातल्या दागिन्यांइतकी जपण्याची वस्तू आहे. उच्च दाबाच्या भागांजवळ बाहेरच्या कारागिराने हात घातल्याचे दिसले, तर कंपनीला नकार देण्यास निमित्त मिळते. आठ हजारांच्या कप्प्यासाठी काही लाखांची हमी पणाला लावणे हा कोणत्याही पेढीवर बसणारा सौदा नाही. म्हणून अधिकृत विक्रेत्याकडे प्रथम विचारावे, तो देत असेल तर त्याच्याकडूनच बसवून घ्यावे आणि पावतीवर तसे स्पष्ट लिहून घ्यावे. बाहेरून घेतला तर विमा कंपनीला लेखी कळवून नूतनीकरणाच्या वेळी उपसाधन म्हणून नोंदवून घ्यावे. तोंडी ‘चालतंय हो’ला क्लेमच्या वेळी काही किंमत नसते.

करासंबंधी एक ओळ पुरे. विजेच्या मोटारीवर १ ऑगस्ट २०१९ पासून वस्तू व सेवा कर ५ टक्के आहे. नंतर सुट्या घेतलेल्या कप्प्याला हा सवलतीचा दर लागत नाही. गाडी घेतानाच कंपनीच्या यादीतून तो निवडला तर हिशेब सोपा राहतो.

आणि शेवटी उपयोगाच्या गोष्टी. समोरची जागा बंद दिसली तरी थंड नसते. रेडिएटर आणि वातानुकूलनाची उष्णता तिथेच बाहेर पडते, आणि मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यांत बॉनेटच्या पत्र्यावर हात ठेववत नाही. कचनेरला किंवा वेरूळला दर्शनाला निघताना घरचा डबा आणि उकळलेले पाणी बरोबर घेण्याची ज्यांची रीत आहे, त्यांनी ती शिदोरी पुढे ठेवू नये. सूर्यास्तापूर्वी जेवायला बसल्यावर पुरणपोळीला वास आलेला आढळेल. खाण्याच्या वस्तूंनी दुसरेही संकट येते. उंदीर. खाखऱ्याचा चुरा सांडलेला कप्पा म्हणजे उंदराला दिलेले आमंत्रण, आणि एकदा आत शिरलेला उंदीर केवळ चुऱ्यावर थांबत नाही, तारांची आवरणेही कुरतडतो. थंडीच्या रात्री मांजराची पिल्ले आणि खारीही या उबेला येतात. पेट्रोलचे इंजिन सुरू होताना निदान आवाजाने ती पळत. विजेची गाडी निःशब्द निघते. सकाळी गाडी काढण्यापूर्वी बॉनेटवर दोन थापा मारण्याची सवय घरातल्या प्रत्येकाने लावून घ्यावी. मुका जीवही वाचतो आणि तारही.

रोकड, दागिने, हुंड्या यांसाठी ही जागा नाहीच. बॉनेटचे कुलूप तिजोरीचे कुलूप नव्हे. पावसात झाकणाच्या रबरी कडेतून पाणी झिरपते का, हे पहिल्याच पावसानंतर कोरडे फडके आत ठेवून पाहावे. ओले निघाले तर कागदपत्रे तिथे कधीच ठेवू नयेत. दर पंधरवड्याला बोल्ट घट्ट आहेत का आणि नारिंगी तारांना कोणती कड टेकत तर नाही ना, हे डोळ्यांनी बघावे, हाताने नव्हे. आणि गाडी सर्व्हिसिंगला देताना कप्पा बसवलेला आहे हे जॉब कार्डवर लिहायला सांगावे, म्हणजे काढून ठेवलेला एखादा बोल्ट नेमका कोणाकडे राहिला याचा शोध नंतर घ्यावा लागत नाही.