प्रकाशाला गाठायच्या पळवाटा

मानेसरच्या मोटारींच्या कारखान्यात गाडी आपला पहिला प्रवास इंजिन सुरू न करताच करते, ठाऊक आहे? खाली पट्टा सरकत असतो आणि गाडी त्यावर गप्प उभी. कुणी काच बसवतं, कुणी चाकं. गाडीला विचारलंत तर म्हणेल, "मी कुठे हलले?" आणि तरी ती या टोकाची त्या टोकाला पोचलेली असते! हा पट्टा लक्षात ठेवा, त्यावरून आपल्याला ताऱ्यांकडे जायचंय.

विज्ञानकथांतली यानं चहा गार व्हायच्या आत दुसऱ्या ताऱ्यापाशी पोचतात. खरं तर सूर्य सोडला तर आपला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी. सेकंदाला जवळजवळ 3 लाख किलोमीटर पळणाऱ्या प्रकाशालाही तिथून इथे यायला सव्वाचार वर्षं लागतात. व्हॉयेजर-1 यानाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे 17 किलोमीटरने निघालात, तर 75 हजार वर्षांचा डबा बांधून घ्या.

मग इंजिन मोठं करू या? इथे आइन्स्टाइन आडवा येतो. त्याने 1905 साली सांगितलं, की प्रकाशवेगाच्या जसजसं जवळ जावं, तसतशी आणखी चिमूटभर वेगासाठीही ढीगभर ऊर्जा लागते. नेमका तो वेग गाठायला तर अमर्याद!

पण हा नियम अवकाशातून पळणाऱ्याला आहे. अवकाशच सरकलं तर? 'स्टार ट्रेक' ही मालिका 1966 साली सुरू झाली. तिच्यातल्या 'वॉर्प ड्राइव्ह'सारख्या प्रवासाचं गणित मिगेल अल्कुबिएरे या मेक्सिकन शास्त्रज्ञाने 1994 साली मांडलं, तेही आइन्स्टाइनचीच समीकरणं घेऊन. यानाच्या पुढचं अवकाश आक्रसायचं, मागचं फुगवायचं. मधल्या बुडबुड्यात यान स्वस्थ बसलेलं. आला की नाही आपला पट्टा? कागदावर सगळं जमतं. फक्त त्याला ऋण ऊर्जा लागते, तीही प्रचंड, आणि ती कुठल्याच पंपावर मिळत नाही.

मला मात्र दुसरी पळवाट जास्त आवडते, कारण तिच्यात एक देशपांडे आहेत! बिलानिउक, व्ही. के. देशपांडे आणि ई. सी. जी. सुदर्शन या तिघा शास्त्रज्ञांनी 1962 साली विचारलं: वेग वाढवत वाढवत प्रकाशापुढे जाता येत नाही, कबूल, पण एखादा कण जन्मापासूनच त्याच्यापुढे असला तर? सुदर्शन यांचा दाखला झकास होता. हिमालय चढून कुणी पलीकडे जाऊ शकत नाही, म्हणून पलीकडे माणसंच नाहीत असं कसं म्हणाल? ती तिथेच जन्मली असतील की! या कणांना पुढे 'टॅकिऑन' नाव पडलं. त्यांची ऊर्जा कमी झाली की म्हणे वेग वाढतो. कथालेखक खूश, प्रयोगशाळेत मात्र अजून एकही सापडलेला नाही.

आता खरोखर घडलेली गोष्ट. नियमातला वेग पोकळीतला आहे. पाण्यात प्रकाश रेंगाळतो, सेकंदाला सुमारे सव्वादोन लाख किलोमीटरवर येतो. मुंबईत ट्रॉम्बेला 4 ऑगस्ट 1956 रोजी 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाली. तिचा गाभा पाण्याच्या हौदात बुडवलेला. अशा हौदात काही इलेक्ट्रॉन पाण्यातल्या प्रकाशाला चक्क मागे टाकतात आणि पाणी निळंशार उजळतं. नियम मोडला का? छे, पोकळीतली मर्यादा त्यांनी ओलांडलेलीच नसते. हा निळा उजेड पहिल्यांदा नीट अभ्यासणारा चेरेन्कॉव्ह आणि त्याचं कारण सांगणारे फ्रँक आणि टाम, या तिघांना 1958 साली नोबेल मिळालं.