परदेशी निघालेल्या परिचारिकेची शिदोरी

सेवेसाठी सातासमुद्रापलीकडे जाण्याची परंपरा सोलापूरला नवी नाही. येथलेच डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनमध्ये गेले, आणि तेथे ज्यांच्याशी त्यांनी विवाह केला त्या क्वो चिंगलान परिचारिकाच होत्या. आज जुळे सोलापूरच्या वसाहतींतील एखाद्या घरात मुलीने परिचर्येचा अभ्यासक्रम पूर्ण केला, की परदेशातील नोकरीचा विषय सहज निघतो. त्यास कारणही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे २ कोटी ९८ लाख परिचारिका होत्या. तरीही ५८ लाखांची उणीव होती.

मागणी आहे, म्हणून वाट सोपी आहे असे मात्र नव्हे. सोलापुरात शिकलेली परिचारिका परदेशातील दप्तरी ‘परदेशी प्रशिक्षित’ ठरते. नोकरीचे पत्र, प्रवेशपरवाना म्हणजे व्हिसा आणि व्यवसायाची नोंदणी या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन हाती असूनही तिसरी नसेल, तर रुग्णालयात नोंदणीकृत परिचारिका म्हणून काम करता येत नाही. कुटुंबाची पुंजी गुंतते ती बहुधा याच गैरसमजामुळे.

आरंभ स्वगृही

परदेशातील नोंदणीचा पाया येथील नोंदणी हाच आहे. जी.एन.एम. अथवा बी.एस्सी. नर्सिंग पूर्ण केल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नाव नोंदवावे लागते. परदेशातील नियामक संस्था या नोंदीची खातरजमा उमेदवाराकडून नव्हे, तर परिषदेकडून व शिक्षणसंस्थेकडून करून घेते. म्हणून नोंदणीचे नूतनीकरण मुदतीत करावे आणि प्रत्येक रुग्णालयातील सेवेचा दाखला वेळीच घेऊन ठेवावा. दोन वर्षांचा ए.एन.एम. अभ्यासक्रम मात्र अशा पदासाठी सहसा पुरेसा मानला जात नाही.

नाव एक, कागद अनेक

आपल्याकडील एक अडचण विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. विवाहानंतर मुलीचे मधले नाव व आडनाव बदलते. क्वचित पहिले नावही बदलते. परिणामी गुणपत्रिकेवर माहेरचे नाव, पारपत्रावर सासरचे आणि परिषदेच्या नोंदवहीत तिसरेच, असा प्रकार घडतो. मराठी, तेलुगू आणि कन्नड भाषा एकत्र नांदणाऱ्या सोलापुरात एकाच आडनावाचे इंग्रजी स्पेलिंगही दोन प्रकारे लिहिलेले आढळते. येथे कोणास त्याचे वावगे वाटत नाही. परंतु परक्या देशातील अधिकाऱ्यास त्या दोन निराळ्या स्त्रिया वाटू शकतात. विवाह नोंदणी प्रमाणपत्र व आवश्यक तेथे राजपत्रातील नावबदलाची प्रसिद्धी यांच्या आधारे सर्व कागद अर्जापूर्वीच जुळवून घ्यावेत.

देशोदेशीचे नियम

ब्रिटनमध्ये इंग्रजीच्या प्रावीण्याबरोबर दोन टप्प्यांची परीक्षा असते. संगणकावरील पहिला टप्पा भारतातच देता येतो. प्रत्यक्ष शुश्रूषा-कौशल्याचा दुसरा टप्पा तेथे जाऊन द्यावा लागतो. आयईएलटीएस परीक्षेत वाचन, श्रवण व संभाषण यांत प्रत्येकी ७ आणि लेखनात ६.५ गुणांकन अपेक्षित असते. अमेरिकेत परवाना प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे देते. त्यासाठी एनक्लेक्स-आरएन ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. आखाती देशांत कागदपत्रांची मूळ संस्थेकडून पडताळणी आणि संगणकीय परीक्षा हा सर्वसाधारण क्रम आहे.

जर्मनीत भाषा हीच खरी कसोटी होय. पूर्ण मान्यतेसाठी सामान्यतः जर्मनची बी-२ पातळी लागते. अभ्यासक्रमातील तफावत ज्ञानपरीक्षेने किंवा पूरक प्रशिक्षणाने भरून काढावी लागते. तोपर्यंत साहाय्यकाचे काम मिळते. कुशल मनुष्यबळासंबंधी महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी करार केला आहे.

पैसा आणि सावधगिरी

उत्प्रवास अधिनियम, १९८३ अन्वये नोंदणी असलेल्या संस्थेसच परदेशी नोकरीसाठी भरती करता येते. उमेदवाराकडून घ्यावयाच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये व त्यावरील कर अशी आहे. ब्रिटनच्या भरतीविषयक आचारसंहितेनुसार तर उमेदवाराकडून भरतीशुल्क घेताच येत नाही. संस्थेची नोंदणी केंद्र शासनाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. शंका असल्यास मुंबईतील उत्प्रवासी संरक्षकांच्या कार्यालयाकडे विचारणा करावी. आखातासह १८ देशांत जाणाऱ्या परिचारिकांना २०१५ पासून उत्प्रवास परवानगी आवश्यक करण्यात आली आहे. मूळ प्रमाणपत्रे कोणाही मध्यस्थाच्या स्वाधीन करू नयेत. करारातील वेतन, कामाचे तास आणि मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास भरावयाची रक्कम ही कलमे स्वाक्षरीपूर्वी वाचावीत.

मुलीच्या शिक्षणासाठी घरातील दागिना गहाण पडलेला असतो, कधी वडिलांची निवृत्तीची रक्कम खर्ची पडलेली असते. अशा घराला घाई परवडत नाही. आधी नोंदणी व नावांची जुळणी, मग भाषा, त्यानंतर परीक्षा आणि शेवटी मध्यस्थ, हा क्रम पाळला तर वाटेतील बहुतेक खड्डे टळतात. रुग्णाला औषध देण्यापूर्वी नाव, मात्रा व वेळ पडताळून पाहण्याची शिस्त परिचारिकेच्या अंगवळणी पडलेली असते. तीच शिस्त तिने स्वतःच्या कागदपत्रांनाही लावावी.