बाप्तिस्मा, जात आणि राखीव जागा

मताचा हक्क भारतातील सर्व प्रौढ नागरिकांस समान आहे. संविधानाच्या ३२६ व्या अनुच्छेदाने तो दिला. परंतु राखीव जागेसाठी कोणी उभे राहावे, हा प्रश्न निराळा असून तो न्यायालयांपुढे वारंवार आला आहे. आमच्या इंदूरजवळ महू येथे जन्मलेल्या डॉ. आंबेडकरांच्या चरित्राशीही अशा एका निर्णयाचा संबंध आहे.

भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात असतानाची ही गोष्ट. लोकसभेच्या पहिल्या निवडणुकीत तेथील राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे यांनी अर्ज भरला. ते जन्माने महार. परंतु महानुभाव पंथात गेल्यामुळे ते अनुसूचित जातीचे राहिले नाहीत, असे ठरवून तो नामंजूर झाला. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने ही नामंजुरी चुकीची ठरविली. जुना समाज त्या व्यक्तीस आपले मानतो काय, तिचा स्वतःचा हेतू काय आणि नव्या पंथाचे नियम काय, या तीन कसोट्या न्यायालयाने लावल्या. ठवरे यांची श्रद्धा बदलली, जात बदलली नाही, असा निष्कर्ष निघाला. निवडणूक रद्द झाली. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत डॉ. आंबेडकर राखीव जागेसाठी उभे राहिले व पराभूत झाले.

मग हाच न्याय ख्रिस्ती झालेल्या महारास का मिळत नाही? कारण राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाचा तिसरा परिच्छेद धर्माची अट घालतो. त्यात १९५६ साली शिखांचा व १९९० साली बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती व मुसलमान बाहेरच राहिले. १९८५ साली सूसाई या ख्रिस्ती चर्मकाराच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालय म्हणाले की, धर्मांतरानंतर जात उरली एवढे दाखविणे पुरेसे नाही. नव्या समाजातही तिचा जाच तितकाच तीव्र आहे, हे सिद्ध झाले पाहिजे. या प्रश्नासाठी केंद्र सरकारने २०२२ साली न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला.

येथे आपणा धर्मगुरूंची व धर्मशिक्षकांची खरी परीक्षा आहे. बाप्तिस्म्यात सर्व भेद मावळतात, असे आपण वेदीवरून शिकवितो. न्यायालयात मात्र ते मावळले नाहीत, याचा पुरावा आपल्याच मंडळीतून द्यावा लागतो. स्मशानभूमीतील वेगळी रांग अथवा सोयरीक जुळविताना हळूच विचारलेली जात, हाच तो पुरावा. तो लपविल्यास दुर्बल बांधवाचा हक्क बुडतो. मान्य केल्यास आपली लाज उघडी पडते. लाज पत्करावी, आणि बाप्तिस्मा मागणाऱ्यास या कायद्याची पूर्ण कल्पना आधीच द्यावी, हेच प्रामाणिकपणाचे होय.